आंजीवरची पांढरी रेघ

दौलत,

तू गेल्याचं सांगायला तुझा पुतण्या मधुकर सकाळी माझ्या दारात आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिले शब्द निघाले ते, "कोणी सांगतलं?" तो गडबडला. म्हणाला, "कोणी सांगाले कायले पाह्यजे काका, मी घरूनच येऊन राह्यलो." तरी मी तुझ्या ओसरीपर्यंत आलो, तुझ्या नाकापुढे बोट धरलं, थोडा वेळ तसंच धरून ठेवलं आणि मग खाली बसलो. लोकांना वाटलं, किसनाला धक्का बसला. धक्का बसायला संध्याकाळ व्हावी लागली. सकाळी होता तो निव्वळ संशय. आता त्यात माझी काय चूक? ज्या माणसानं मला अख्खा दिवस बैलांच्या पायांशी झोपवलं, तो मेला हे मी नुसत्या ऐकीव बातमीवर कसं मानावं?

ती बैलांची गोष्ट तुझ्या तेरवीला कोणीतरी सांगेलच आणि चुकीची सांगेल, म्हणून मीच सांगून टाकतो. अमेरिकेची ती प्रयोगशाळा आकाशातून कोसळणार म्हणून सगळीकडे घबराट होती, ते वर्ष. तू रेडिओला कान लावून बसायचास आणि ऐकलेल्यात पदरचं घालून गावाला वाटायचास. मला म्हणालास, "किसना, घराच्या कवेलूवर भरवसा ठेवू नको. कोठ्यात बंडीखाली जाऊन पड. बंडीचं लाकूड बाभळीचं हाय, अन् बाजूले बैल. लोखंड आलंच तर आधी त्यायले लागन." मी घोंगडी घेऊन गोठ्यात गेलो, बैलगाडीखाली. दिवसभर पडून राहिलो. आकाशातून काही पडलं नाही. बैलाकडून पडलं. संध्याकाळी तू दारातून डोकावून विचारलंस, "लागलं का कुठं?"

तर पुढच्याच वर्षी तू मला सांगितलंस की आकाश बंद झालं आहे. मी काय म्हणायला हवं होतं?

तुझा विजय तेव्हा बगदादला होता. एका बांधकाम कंपनीनं नागपूरहून विजेच्या कामावर माणसं नेली, त्यांत तो गेला. जायच्या आधी त्याची सोयरीक जमली ती माझ्यामुळे. मुलगी माझ्या बायकोची भाची, कुंदा. तिचे वडील वामनराव, म्हणजे माझे साळे, हिंगणघाटला कापडाचं दुकान चालवत. माणूस असा, की समोरच्याचं बोलणंसुद्धा चिमटीत धरून चोळून पाहायचा. दिवाळीला विजय येणार आणि तुळशीचं लग्न लागलं की पहिल्या मुहूर्तावर यांचं, असं ठरलं होतं. आणि दसऱ्याच्या आधीच तिकडे इराण-इराकची जुंपली. बगदादचं विमानतळ बंद पडलं. विजयची तार आली, की विमानं बंद आहेत, दुसऱ्या वाटेनं येतो, उशीर होईल.

ती तार तू मला धुऱ्यावर वाचून दाखवलीस. तुझ्या आणि माझ्या वावराच्या मधला धुरा, बंडी जाईल एवढा रुंद बांध, आपली खरी बैठक तीच.

"इमानं बंद म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे आभाळ बंद. त्या मुलखावरून कोणी जाऊन नाई राह्यलं."

"आभाळाले काय फाटक रायते? लावलं कोणी?"

"अबे, गोळा लागते, म्हणून कोणी जात नाई. अन् सरकारं बी जाऊ देत नाई. ज्याची जमीन, त्याचंच वरचं आभाळ."

"मंग माह्या वावरावरचं आभाळ माहं?"

"तुह्या वावरावरचं कावळ्यायनं नेलं," तू म्हणालास आणि बोट वर केलंस.

तेव्हा मी ती रेघ पहिल्यांदा नीट पाहिली. दुपार कलली होती. पुलगावच्या अंगानं निघून नागपूरच्या अंगाला जाणारी, बोंडातून बोटांनी ओढून काढावी तशी पांढरी, आणि तिच्या टोकाला चमकणारा एक ठिपका. तू मला सगळा जगाचा नकाशा त्या रेघेवरून समजावलास. ही मोठी विमानं विलायतेहून पूर्वेच्या देशांना जाणारी. आधी ती इराण, अफगाणिस्तान अशी वरच्या वाटेनं दिल्लीकडे येत. अफगाणिस्तानात रशिया शिरला, तिथून जाणं अवघड झालं. आता इराण-इराक भांडायला लागले, उरलेलीही वाट गेली. म्हणून ती अरबस्तानाच्या खालून समुद्रावर येतात, मुंबई गाठतात आणि आपल्या डोक्यावरून कलकत्त्याकडे निघतात.

"तिकडं बंद हाय, म्हणूनच इकडं दिसून राह्यलं," तू म्हणालास. "माहा विजय खोटं नाई बोलत."

"रेघ आधीपासूनच असन. तू वर आत्ता पाह्यलं," मी म्हणालो.

झालं. आपला वाद तिथं सुरू झाला. मी तरी काय वाईट बोललो? मुंबई-कलकत्त्याची विमानं आपल्या आंजी गावावरून आधीही जातच असतील. कपाशीच्या वावरात माणूस खाली पाहतो, वर कोण पाहतो?

उलट मला त्या रेघेचाच संशय आला. पुलगावला दारूगोळ्याचा डेपो, आणि रेघ नेमकी पुलगावच्या अंगानं. कोणीतरी फोटो काढून राह्यलं, हे मी दोन दिवसांत पक्कं ठरवलं आणि तिसऱ्या दिवशी पोलीस चौकीत जाऊन सांगितलं. जमादारानं पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "नंबर पाह्यला?"

"कायचा?"

"इमानाचा."

ही गोष्ट मी तुला कधी सांगितली नव्हती. पण तुला माहीत होती, कारण त्यानंतर विमान दिसलं की तू मोठ्यानं विचारायचास, "किसना, नंबर घे बरं."

तुळशीचं लग्न लागलं आणि विजय काही आला नाही. वामनराव आले. तुझ्या ओसरीवर बसले, चहा घेतला नाही. म्हणाले, "दौलतराव, वेणा नदीले पूर आला का आमचा हैदराबादचा रस्ता बंद होते. पाणी पुलावरून जाते, ते आमाले दिसते. तुमचं हे आभाळ बंद झालं, ते दिसते का कुठं?"

तू त्यांना अंगणात नेलंस. नशीब तुझं, रेघ होती. तू तोच नकाशा पुन्हा मांडलास, रशिया, इराण, अरबस्तान, सगळं. वामनरावांनी टोपी मागे सारून बराच वेळ वर पाहिलं आणि म्हणाले, "पण हे तर जाऊन राह्यलं. मंग बंद कुठं हाय?"

बंद आभाळ दाखवायला तू चालू विमान दाखवलंस, दौलत. मला हसू आलं, आणि तू ते पाहिलंस.

एसटीच्या फाट्यावर सोडायला गेलो, तेव्हा वामनराव माझ्या कानाशी लागले. पोरगं तिकडं काहीतरी करून बसलं असेल, लग्नाची वेळ टळली की पोरीला बोल लागेल, आर्वीला एक स्थळ ऐकलं आहे, तुम्ही नुसतं पाहून या. आता मी नाही म्हणू शकलो असतो. पण त्यांची शंका माझ्याच शंकेची सख्खी बहीण होती. दुसऱ्या दिवशी मी आर्वीला गेलो. घर चांगलं होतं, मुलगा मार्केटमध्ये अडत्याकडे कामाला होता. मी पोहे खाल्ले, मुलीचं कौतुक केलं, घराण्याचं त्याहून केलं. मुलाचा बाप शांतपणे ऐकत होता. शेवटी पानाचा डबा पुढे करत म्हणाला, "सारं ठीक हाय. पण मंग आमच्या दौलतभाऊच्या घरचं काय झालं?"

तो तुझा मामेभाऊ निघाला. अख्ख्या आर्वीत मी नेमकं तेच घर गाठलं.

मी परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बंडीत कापूस भरला, बैल जुंपले आणि धुऱ्यावर आलो, तर धुरा बंद. काटेरी बोराट्यांचे भारे आडवे टाकलेले, एक माणूस जाईल एवढीसुद्धा फट नाही. माझं वावर आतलं. माझ्या बापाच्या काळापासून आमची बंडी तुझ्या धुऱ्यानंच आर्वी रोडला लागायची, आणि त्याबद्दल कधी कोणी कोणाला विचारलं नव्हतं. महिन्यापूर्वीच सीतादही झाली होती. पहिल्या वेचणीच्या आधी दोन्ही वावरांत दहीभात ठेवून आपण त्याच धुऱ्यानं एकमेकांकडे गेलो होतो. आणि आता तू बोराट्यांपलीकडे हात बांधून उभा.

"हे काय लावलं?" मी म्हणालो.

"तुह्या मनात माह्या घराबद्दल शंका, तर माह्या वावरातून तुही बंडी नाई."

"मंग मी जाऊ कुठून?"

"इमानं जातात तसा. फिरून."

मी फिरून गेलो. नाल्याकडून. तू पाहत होतास, हे मला पाठीला कळत होतं, म्हणून मी बैल जरा ऐटीत हाकले, आणि ऐटीतच नाल्यात घातले. चाक रुतलं. मी खाली उतरून खांदा लावला, तेव्हा बंडी एका अंगाला कलली आणि कापसाचं एक गाठोडं पाण्यात गेलं. ओला कापूस बाहेर काढताना त्याचं वजन काय होतं, ते ज्यानं काढला त्यालाच ठाऊक. दोन वावरं ओलांडून, दोन ठिकाणी हातापाया पडून मी कापूस खरेदीच्या केंद्रावर पोचलो, तेव्हा काटा उचलायची तयारी चालली होती.

"काऊन उशीर केला?" काट्यावरच्यानं विचारलं.

"रस्ता बंद होता."

"कोणता रस्ता? आंजीची बाकी सारी तर येऊन गेली."

"धुरा," मी म्हणालो. "धुरा बंद होता."

"धुऱ्याले काय फाटक रायते?" तो म्हणाला आणि तिथं बसलेले सगळे हसले.

माझे शब्द होते ते, दौलत. मी तुझ्या तोंडावर फेकलेले, जसेच्या तसे. मी चिखलानं माखलेला, बैल माखलेले, कापूस ओला, आणि तरीही त्यांतल्या एकाच्याही चेहऱ्यावर विश्वास नव्हता. घरी आलो तर बायको माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहून म्हणाली, "पुन्हा आर्वीले गेलते काय?" मी शपथा घेऊ लागलो, आणि जितक्या घेतल्या तितका तिचा चेहरा पक्का होत गेला. खरं बोलणारा माणूस किती खोटा दिसतो, हे मला त्या दिवशी माझ्याच तोंडावरून कळलं.

मी उठून हिंगणघाटला गेलो. वामनरावांना म्हणालो, "थांबा. आर्वीचं सोडा."

"काऊन? विजयचं काही कळलं?"

"नाई."

"मंग?"

"माहा धुरा बंद झाला."

मला समजावता येईना. पण आतून कुंदा बाहेर आली आणि बापाला म्हणाली, "थांबू ना बाबा. येतो म्हणते ना तो. आर्वीवाल्यानं तर येतो बी नाई म्हटलं." त्या घरात शंका न घेणारी ती एकटीच होती. कोणावर गेली होती, कोण जाणे.

मार्गशीर्षात विजय आला. गाल बसलेले, अंगावर कोणाचा तरी ढगळ स्वेटर. बसमधून वाळवंट ओलांडून जॉर्डनला गेला, तिथं विमानात जागा मिळेपर्यंत दिवस काढले, आणि मिळालं तेही विमान सरळ न येता अरबस्तानाला वळसा घालून मुंबईला उतरलं. मी वकिलासारखा त्याच्यासमोर बसलो. "वरून काय दिसलं?"

"ढग, काका."

"अन् आंजी?"

"आंजीवरून कुठं आलो? मुंबईहून रेल्वेनं आलो."

मी पुढची उलटतपासणी सोडून दिली. लग्न लागलं. वामनराव मंगलाष्टकं होईपर्यंत नवरदेवाच्या बाहीचं कापड चिमटीत धरून होते. आणि आचाऱ्यानं चुलीत काय घातलं आहे ते मी पाहायला गेलो, तर धुऱ्यावरच्या बोराट्या. त्यावर शिजलेली बुंदी मी दोनदा घेतली.

पण रेघेचा वाद मिटला नाही. मी म्हणायचो, विजय खरा, ते मान्य. पण रेघ जुनीच. तू म्हणायचास, "लढाई थांबू दे. थांबली का इमानं जातील आपल्या जुन्या वाटेनं, अन् रेघ कमी होईन. तवा पाहून घेजो." मग आपण लढाई थांबायची वाट पाहू लागलो. आंजीत बसून दोन म्हातारे होत चाललेले शेतकरी, आणि त्या दोन देशांच्या तहाची आपल्याएवढी घाई दुसऱ्या कोणाला नसेल. ती थांबली नाही. विजय कुवेतला गेला, कुंदा आणि नातवंडं तुझ्याकडे राहिली, रेघ रोज उमटत राहिली. ती रोज मोजतो असा तुझा दावा होता, पण रेघ न दिसलेले ढगाळ दिवसही तू तुझ्या बाजूनं धरायचास, हे मी पकडलं होतं.

आणि आता या महिन्यात त्या तिकडच्या समुद्रावर माणसांनी भरलेलं विमान पाडलं. बातमी लागली तेव्हा मी तुझ्याकडेच होतो. मला वाटलं तू नकाशा काढशील. तू रेडिओचा कान पिळलास आणि तो बंद केलास. म्हणालास, "किसना, आपण रेघेवर भांडत होतो बे. त्यात माणसं बसली रायतात." मी त्यावर बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "चहा ठेवाले सांग." ते आपलं शेवटचं बोलणं. तू चहा सांगितलास.

तू गेलास त्याच सकाळी मधुकरनं वर्ध्याहून कुवेतला फोन लावला. "निघतो," एवढंच विजय म्हणाला आणि लाइन तुटली. तुला बर्फाच्या लाद्यांवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी तुझ्या बायकोजवळ, गिरजावहिनींजवळ बसलो होतो. वेळ काढायला मी त्यांना म्हटलं, "दौलत असता तर सांगतलं असतं, इमान कुठून कुठून फिरून येऊन राह्यलं ते. विजयवर त्याचा भारी भरवसा."

वहिनी डोळे न उचलता म्हणाल्या, "कायचा भरवसा भाऊजी. तुमच्यापेक्षा जास्त शंका त्यायलेच होती."

"विजयवर?"

"व्हय. तार आली तवा म्हणाले, पोरगं खरं बोलून राह्यलं का बनवून राह्यलं, समजत नाई. मंग रोज वावरात जाऊन बसत. रेघ दिसली का घरी येऊन जेवत. आभाळ भरलं असलं का ताट तसंच राहे."

दौलत, आठ वर्षं मी ज्या माणसाशी भांडलो, तो माझ्याच बाजूचा होता. तू मला नकाशा समजावत नव्हतास, स्वतःला समजावत होतास. आणि बोराट्या टाकल्यास त्या मी आर्वीला गेलो म्हणून नव्हे. तुझ्या मनात होतं ते मी जाऊन करून आलो म्हणून. हे मला तू सांगितलं असतंस तर मी तुला हसलो असतो, महिनाभर पुरेल एवढा हसलो असतो, आणि मग कदाचित आपण दोघंही नीट जेवलो असतो.

दुपारी पाऊस उघडला. मंडळी उठली. म्हणाली, "आत्ता उघाड हाय, उरकून घ्या. पुन्हा लागला का लाकडं पेटाची नाई. मधुकर हाय अग्नी द्याले."

मी म्हणालो, "विजय येते."

"कोणी सांगतलं?"

माझा प्रश्न, आणि मला विचारलेला. मी अंगणात आलो आणि वर पाहिलं. आषाढातलं आभाळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत राखाडी. वर विमान असेल, नसेल. रेघ दिसायचा प्रश्नच नव्हता. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. उघाड संपली असती आणि विजय आला नसता, तर ओल्या लाकडांवर तुला धुरात ठेवल्याचं पाप माझ्या माथी होतं, हे मंडळींना कळत होतं आणि मलाही.

"कोणी नाई सांगतलं," मी म्हणालो. "थांबा."

मंडळी थांबली. मला वाटतं, किसना पुराव्याशिवाय बोलतो आहे, याचंच त्यांना नवल वाटलं असावं. कुंदानं दारातून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. मी ओसरीच्या पायरीवर बसलो. आभाळाकडे पाहिलं नाही, रस्त्याकडेही नाही. तुझ्या पायांकडे पाहत बसलो.

जीप आली तेव्हा टपटप सुरू झाली होती. विजय उतरला, शर्ट चुरगळलेला, दाढी वाढलेली, अगदी तेव्हासारखा. माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काका, उशीर झाला. इमान तिकडून..."

"आधी बापाचे पाय धर," मी म्हणालो.

लाकडं पेटली. आज आठवा दिवस. रेडिओवर म्हणतात, ती लढाई आता थांबेल. कोणी सांगितलं, ते मी विचारत नाही. थांबली तर वावरात जाऊन वर पाहीन, आणि रेघ कमी झाली असेल तर तू जिंकलास असं मोठ्यानं म्हणेन. ढगाळ दिवस मात्र धरणार नाही.

विजय अजून आहे. रोज सकाळी धुऱ्यानं माझ्याकडे चहाला येतो, तुझ्या जागेवर बसतो. तो कोणत्या वाटेनं आला, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.

तुझा,
किसना